सहा प्यादी, एकेक घर : परभणीच्या टेबलावरचा एक डाव आणि हिप्पो ओपनिंग

आडवा_हत्ती (धागालेखक)

राम राम मंडळी. हा डाव माझा नाही. मी नुसता बाजूला बसून वहीत चाली उतरवत होतो, कारण आमच्याकडं रॅपिडला चाली लिहायची कुणालाच सवय नाही आणि चांगले चांगले डाव चहाबरोबर विसरले जातात.

परभणीत वसमत रोडला एका शिकवणीच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी आमची टेबलं लागतात. १५ मिनिटं, वर चालीला १० सेकंद. गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये जगज्जेता झाला, मग २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक आणला. तेव्हापासून पोरांची गर्दी वाढलीय आणि खुर्च्या कमी पडायल्यात. त्या गर्दीत एक गुरुजी येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, मूळचे पाथरीकडचे. त्यांच्यासमोर पांढरी घेऊन बसला होता सुट्टीत घरी आलेला इंजिनिअरिंगचा एक पोरगा. तो मोबाईलवर भरपूर ब्लिट्झ (चार-पाच मिनिटांचे झटपट डाव) खेळतो, आणि खरंच चांगला खेळतो.

खुणा नेहमीच्याच : रा (राजा), व (वजीर), ह (हत्ती), उं (उंट), घो (घोडा). उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८. ०-० म्हणजे राजाच्या बाजूला कॅसलिंग (राजा दोन घरं सरकतो, हत्ती त्याच्या पलीकडं येतो), ०-०-० म्हणजे तेच वजिराच्या बाजूला. ह-डी-जी८ म्हणजे डी रांगेतला हत्ती जी८ ला. नुसतं घर लिहिलं असेल तर प्याद्याची चाल. मारलं तर ×, शह तर +.

१. ई४ जी६ २. डी४ उं-जी७ ३. घो-एफ३ डी६ ४. उं-सी४ ई६ ५. ०-० घो-ई७ ६. घो-सी३ ए६ ७. ए४ बी६ ८. ह-ई१ उं-बी७ ९. उं-ई३ एच६ १०. व-डी२ घो-डी७

इथं थांबा आणि घरचा पट काढून मांडा. काळ्याची सहा प्यादी (ए, बी, डी, ई, जी, एच) सगळी सहाव्या आडव्या रांगेत. उंट बी७ आणि जी७ ला, घोडे डी७ आणि ई७ ला. राजा जागचा हललेला नाही. चौथ्या-पाचव्या रांगेत काळ्याचं चिटपाखरू नाही. आमच्यातला एकजण मागून कुजबुजला, "गुरुजींनी अजून डाव सुरूच केला नाही काय?"

पांढऱ्याचं सगळं पाठ्यपुस्तकाला धरून आहे : मध्य ताब्यात, मोहरे बाहेर, राजा सुरक्षित. फक्त आता करायचं काय, हा प्रश्न. समोर मारायला काहीच नाही. पोरानं घड्याळाकडं बघितलं, पटाकडं बघितलं, आणि ढकललं.

११. ई५ डी५ १२. उं-डी३ सी५ १३. घो-ई२

घोडा का मागं घेतला ते उघड आहे. सी५ च्या प्याद्यानं डी४ वर ताण आलाय, त्याला सी३ करून टेकू द्यायचा, पण सी३ ला घोडाच बसलाय. म्हणून तो ई२ ला. आपल्यापैकी दहातले सात जण हेच खेळले असते. आता डी३ च्या उंटाकडं बघा. मागं ई२ ला स्वतःचा घोडा, सी२ ला स्वतःचं प्यादं.

१३... सी४

उंट कोंडला. गुरुजींनी प्यादं ठेवलं, घड्याळ दाबलं आणि म्हणाले, "पाव्हणे, परतीची गाडी गेली."

१४. उं×जी६ घो×जी६ १५. घो-एफ४ घो×एफ४ १६. उं×एफ४ व-ई७ १७. एच४ ०-०-० १८. बी३ ह-डी-जी८ १९. बी×सी४ डी×सी४ २०. ह-ई-बी१ उं×एफ३ २१. जी×एफ३ उं×ई५+ २२. उं-जी३ उं×जी३ २३. एफ×जी३ ह×जी३+ २४. रा-एफ२ व×एच४, आणि पांढऱ्यानं डाव सोडला.

गुरुजींच्या घड्याळात सुरुवातीपेक्षा जास्त वेळ शिल्लक होता. ही त्या १० सेकंदांची कृपा.

चर्चेला मुद्दा एकच. या ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या मांडणीला, हिप्पोपोटॅमस म्हणतात, थोडक्यात हिप्पो, हे गुरुजींना मीच सांगितलं. ते म्हणाले, "नाव काय बी असू द्या, आम्ही असंच शिकलो." मला वाटतं ही भित्री ओपनिंग नाही. ती समोरच्याला आधी बोलायला लावते. तुमचं मत?

---

कमी_साखर

डाव झकास. पण याला ओपनिंग म्हणायचं का आळस? सहा प्यादी एकेक घर सरकवायला अभ्यास कशाला लागतो?

---

गोदाकाठची_मास्तरीण

मी नांदेडला लहान मुलांचे वर्ग घेते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हिप्पो ही खरीखुरी ओपनिंग आहे आणि ती वाईटही नाही. इंजिनला (बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरला) विचाराल तर पांढरा थोडा वर आहे असं सांगेल, कारण त्याच्याकडं जागा जास्त. पण "थोडा वर" असणं आणि डाव जिंकणं यात माणसांच्या खेळात फार अंतर असतं. हिप्पोत पांढऱ्याला दहा चालींनंतर एकही सरळ लक्ष्य मिळत नाही, आणि लक्ष्य नसलं की क्लबचा खेळाडू प्यादं ढकलतो. ई५ ढकललं तर काळा डी५ करून मध्य बंद करतो आणि सी५ नं मुळावर घाव घालतो. डी५ ढकललं तर ई५ करून बंद करतो आणि मग एफ५ ची तयारी. म्हणजे काळ्याचा प्लॅन पांढऱ्याच्या हातातून येतो. आडवा_हत्ती म्हणतात ते "आधी बोलायला लावते" बरोबरच आहे.

तरीही मी माझ्या वर्गातल्या मुलांना हे शिकवत नाही, आणि शिकवू नका अशी हात जोडून विनंती आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलानं आधी ई४-ई५ खेळावं, मोकळ्या पटावर मोहरे आपटू द्यावेत, फोर्क (एकाच मोहऱ्याचा दोघांवर मारा) खावेत, फोर्क द्यावेत. हिप्पोमध्ये पहिल्या दहा-बारा चालींत बहुतेक कुणाचं काही मरत नाही. मूल तीच मांडणी समोर काय चाललंय ते न बघता लावत बसतं. एकदा आमच्या एका पोरीनं समोरच्यानं फुकट ठेवलेला वजीर सोडून एच६ केलं होतं. का, तर "मॅडम, माझं एक प्यादं राहिलं होतं."

गुरुजींची गोष्ट वेगळी. त्यांना कुठं कधी फोडायचं ते कळतं. १२... सी५ बघा, नेमकी वेळ.

---

आडवा_हत्ती

ताई, त्या पोरीचा किस्सा गुरुजींना सांगणार. आणि सी५ चं तुम्ही बरोबर हेरलंत. वहीत बघताना माझ्या लक्षात आलं : अख्ख्या डावात काळ्याचं एकच प्यादं एकदम दोन घरं गेलंय, ते हेच. बाकी जी६, डी६, ई६, ए६, बी६, एच६, मग डी५ आणि सी४, सगळं एकेक पाऊल. गुरुजींनी सी७ चं प्यादं उचललं तेव्हा सी६ वर हात क्षणभर थबकला होता, मग पुढं गेला.

---

मीच_तो_पांढरा

नमस्कार. माझ्या मित्रानं लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं.

सगळे गुरुजींच्या ओपनिंगची आरती ओवाळायलेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी ओपनिंगमुळं हरलो नाही. १३ व्या चालीमुळं हरलो. त्या जागी १३. उं-एफ१ असतं तर उंट कोंडलाच नसता आणि डाव सुरू राहिला असता. १३. डी×सी५ सुद्धा चाललं असतं. एका चालीत मोहरा गेला म्हणून आधीच्या बारा चालींना शहाणपण चिकटवू नका.

दुसरं, गुरुजींची ११ वी चाल सर्वोत्तम नव्हती. घरी येऊन इंजिन लावलं. ११. ई५ वर काळ्यानं डी५ नाही, डी×ई५ खेळायला पाहिजे. मग मी १२. डी×ई५ केलं तर १२... उं×एफ३ १३. जी×एफ३ घो×ई५, आणि आता घोडा एफ३ ला येऊन शह देणार : राजा जी१, वजीर डी२, हत्ती ई१, तिघंही एका घोड्याच्या टापेखाली, शिवाय सी४ चा उंट आत्ताच मारात. वजिरावजिरी करून जीव वाचवावा तर एक प्यादं गेलेलं आणि राजापुढची फळी फुटलेली. हे सगळं पटावर होतं आणि गुरुजींना दिसलं नाही. त्यांनी सवयीनं डी५ केलं.

---

कमी_साखर

भाऊ, म्हणजे तू म्हणतोस की तू ११ व्या चालीलाच हरला होतास, फक्त गुरुजींनी दोन चाली उशिरा सांगितलं?

---

मीच_तो_पांढरा

नाही. १२. घो×ई५ नं मारता येतं. १२... घो×ई५ १३. डी×ई५ व×डी२ १४. उं×डी२, आता ई५ चं प्यादं ई१ च्या हत्तीच्या आधारानं उभं आहे, डाव चालू. म्हणून तर म्हणतो, ११. ई५ अचूक नव्हती, पण घातकीही नव्हती.

---

अंबाजोगाईचा_वाडा

तुमच्या इंजिनच्या भांडणात एक जुनी गोष्ट घुसवतो. "आम्ही असंच शिकलो" हे गुरुजींचं वाक्य वाचलं आणि मला आमचे आजोबा आठवले.

आमच्या वाड्यात ओसरीवर कापडाचा पट असायचा, शिवलेला, काळी-पांढरी घरं नसलेला, नुसत्या रेघा. खेळ देशी नियमांचा. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर. राजाला आयुष्यात एकदा घोड्याची अडीच घरं चालता यायची, शह बसलेला नसला तर. कॅसलिंग हा प्रकार नाही. प्यादं पलीकडं पोचलं की वाट्टेल तो मोहरा मागायचा नाही, ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तोच मिळायचा. राजाला शह दिला की "शह" म्हणायचं, वजिराला धरलं की "वजिराला शह" असं मोठ्यानं सांगायचं. न सांगता वजीर मारला तर आमचे आजोबा पट उधळायचे.

आता विचार करा. प्यादं एकच घर जात असेल तर ई४-ई५ अशी समोरासमोर टक्कर पहिल्या चालीत होऊच शकत नाही. दोन्हीकडची फौज आपापल्या तीन रांगांत बसून आधी घर लावते. उंटाला वाट हवी तर जी किंवा बी चं प्यादं एक घर सरकवून त्याला तिरक्या लांब रेघेवर बसवायचं. गुरुजींची मांडणी तंतोतंत हीच आहे. त्यांनी नवे नियम घेतले, पण हात जुनाच राहिला.

आणि ही नुसती आमच्या वाड्यातली गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कॉकरेन नावाचा स्कॉटिश वकील खेळायचा, त्या काळातला नावाजलेला. त्याच्यासमोर महेशचंद्र बॅनर्जी नावाचे बंगालच्या मुलुखातले एक गृहस्थ बसायचे, देशी खेळात मुरलेले. त्यांचे शेकडो डाव झाले, त्यातले बरेच टिपून ठेवलेत. त्यात महेशचंद्र जी६ आणि उं-जी७ खेळताना दिसतात, जेव्हा युरोपात अशा मांडणीकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. आज आपण ज्या ओपनिंगना किंग्ज इंडियन वगैरे म्हणतो त्यातलं "इंडियन" या डावांवरून आलं असं मानतात. १८५५ च्या एका डावात तर त्यांनी आज ज्याला ग्रुनफेल्ड म्हणतात तीच ओपनिंग खेळलीय. ग्रुनफेल्ड साहेबांचा जन्म १८९३ चा! (डाव मात्र कॉकरेननं जिंकला, हेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी दाखवून देईल.)

मीर सुलतान खानही देशी नियमांवरच वाढलेला, पंजाबातला. १९२९ मध्ये मालकाबरोबर विलायतेला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मारलं, पुढं १९३२ आणि १९३३ लाही. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यानं माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं.

---

तिरका_उंट

वाडा साहेब, वाचायला छान वाटलं, पण दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारायलात. हिप्पो लोकांपुढं आणणाऱ्यांत स्लोव्हाकियाचा मॅक्सिम उज्तेल्की होता, १९६० च्या दशकात. त्याच्या ओसरीवर कापडाचा पट नव्हता. मग १९६६ मध्ये मॉस्कोला पेट्रोस्यान-स्पास्की जगज्जेतेपदाचा सामना झाला, त्यात स्पास्कीनं काळी घेऊन दोनदा हिप्पो लावली, १२ व्या आणि १६ व्या डावात. दोन्ही बरोबरीत सुटले. सामना पेट्रोस्याननं १२½-११½ असा राखला. म्हणजे ही मांडणी देशी नियमांशिवायही सुचते. जुन्या माणसाच्या प्रत्येक सवयीला परंपरा म्हणायची आपल्याला खोडच आहे. गुरुजींनी नातवाच्या मोबाईलवर एखादा व्हिडिओ बघितला नसेल कशावरून?

---

आडवा_हत्ती

गुरुजींकडं बटणाचा फोन आहे. त्यात नंबरसुद्धा मुलीनं भरून दिलेत.

उज्तेल्कीला देशी खेळ कुणी शिकवला नव्हता, मान्य. पण गुरुजींना उज्तेल्की कुणी शिकवला? दोन माणसं दोन वाटांनी एकाच गावाला पोचली, इतकंच. त्यात एकाची वाट खोटी ठरत नाही.

आणि "सवयीनं डी५" हे पोराचं म्हणणं मी गुरुजींना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "डी६ चं मारलं असतं तर प्यादं मिळालं असतं, दिसलं होतं. पण वजीर गेले असते. वजीर गेल्यावर ह्या वयात पुढं पन्नास चाली कोण बसायलंय?" आता दिसलं होतं का नाही ते पांडुरंगालाच ठाऊक. पण २०... उं×एफ३ ज्याला दिसतं त्याला ते दिसलं असावं, असं मला वाटतं.

---

मीच_तो_पांढरा

हे पटलं नाही, पण ठीक.

---

जिंतूरची_वाट

जगात जर्मनी, भारतात परभणी, पटावर पाणघोडा.

---

नवशिकी_हिंगोली

मी अजून शिकतेय, चुकलं तर समजून घ्या. मला शेवटचा भाग कळला नाही. काळ्यानं १८ व्या चालीला डी८ चा हत्ती जी८ ला आणला, पण त्याच्यापुढं जी७ ला स्वतःचाच उंट बसलेला आहे. मग त्या हत्तीचा उपयोग काय? आणि २१... उं×ई५ ला शह का लिहिलंय? उंट तर राजाकडं बघतच नाही. शिवाय पांढरा डी४ च्या प्याद्यानं तो उंट सरळ का मारत नाही?

---

आडवा_हत्ती

ताई, नेमकी मर्माची जागा विचारलीत. पट मांडा आणि २० व्या चालीला या.

पांढरा राजा जी१ ला. त्याच्यापुढं जी२ चं प्यादं. काळ्याचा हत्ती जी८ ला, पुढं जी७ ला उंट. जी च्या उभ्या रांगेतलं काळ्याचं स्वतःचं प्यादं १४ व्या चालीलाच पांढऱ्या उंटानं मारलेलं आहे. म्हणजे पांढऱ्यानं उंटाच्या बदल्यात जे एक प्यादं मिळवलं, त्यानंच काळ्याच्या हत्तीला रस्ता करून दिला. हत्ती आणि राजा यांच्यामध्ये आता दोनच अडथळे उरलेत : काळा उंट आणि जी२ चं प्यादं.

पहिला अडथळा २०... उं×एफ३ नं काढला. बी७ चा उंट इतका वेळ डी५ च्या स्वतःच्या प्याद्यामागं आंधळा बसलेला होता. १९ व्या चालीला पांढऱ्यानं सी४ वर मारलं, काळ्यानं डी नं परत मारलं, आणि ती तिरकी रेघ उघडली. एफ३ चा घोडा मेल्यावर पांढऱ्याला जी२ च्या प्याद्यानंच परत मारावं लागतं, नाहीतर मोहरा फुकट. मारलं की ते प्यादं एफ रांगेत गेलं. जी ची उभी रांग साफ.

आता दुसरा अडथळा, जी७ चा काळा उंट. तो बाजूला झाला की मागच्या हत्तीचा शह राजाला बसतो. मग उंट जाताजाता जे हवं ते उचलू शकतो, कारण पांढऱ्याला आधी शहाचं बघावं लागतं. त्यानं ई५ चं प्यादं उचललं. डी४ च्या प्याद्यानं तो मारायला पांढऱ्याला सवडच नाही, कारण शह उंटाचा नाही, हत्तीचा आहे. राजा बाजूला सरकवला तर काळा एफ४ चा उंटही खाणार. म्हणून २२. उं-जी३ मध्ये घातला. तोही गेला.

शेवटी २४. रा-एफ२ च्या जागी रा-एच२ केलं असतं तर व×एच४ नं तिथंच मात. तपासून बघा, राजाला एकही घर नाही : जी१, जी२ हत्तीच्या मारात, एच१ वजिराच्या, आणि जी३ चा हत्ती मारावा तर त्याला वजिराचा जोर.

---

नवशिकी_हिंगोली

पटावर मांडून बघितलं. कळलं. जी८ ला हत्ती नेला तेव्हा गुरुजींना हे सगळं दिसत होतं का?

---

अंबाजोगाईचा_वाडा

दिसत असेल किंवा नसेल, पण राजा समोर ज्या रांगेत बसलाय त्या रांगेत हत्ती आणून ठेवायचा, मध्ये कितीही माणसं असू देत, हे आमचे आजोबाही सांगायचे. मधली माणसं आज ना उद्या उठतात.

---

तिरका_उंट

हे मात्र बिनतोड. परंपरेचा मुद्दा सोडत नाही, पण १८... ह-डी-जी८ ही डावातली सगळ्यात चांगली चाल, सी४ पेक्षाही. सी४ कुणालाही दिसली असती.

---

कमी_साखर

तुमची आणि मास्तरीणबाईंची परवानगी असेल तर मी उद्यापासून हिप्पो लावणार आहे. बँकेतून दमून आल्यावर ओपनिंग पाठ करायला डोकं कुणाचं चालतंय. एकच शंका, राजा कुठं न्यायचा? गुरुजी वजिराच्या बाजूला गेले, पण सतरा चाली तो मध्येच बसलेला होता. भीती नाही वाटत?

---

गोदाकाठची_मास्तरीण

तुम्ही मोठे आहात, लावा खुशाल!

राजा मध्ये ठेवणं हा हिप्पोचा आळस नाही, डावपेच आहे. जोपर्यंत मध्य बंद आहे किंवा पांढऱ्यानं काही ठरवलेलं नाही, तोपर्यंत राजाला ई८ ला धोका कमी. आणि काळा राजा कुठं जाणार हे कळत नाही तोवर पांढऱ्याला हल्ला कुठल्या बाजूनं करायचा ते कळत नाही. पांढऱ्यानं एच४ करून राजाच्या बाजूची प्यादी हलवली की वजिराच्या बाजूला कॅसलिंग. गुरुजींनी हेच केलं : १७. एच४ आणि लगेच १७... ०-०-०. पांढऱ्यानं ए४-बी४ करून ती बाजू उघडली की राजा दुसरीकडं. एक सावधगिरी मात्र बाळगा : डी७ आणि ई७ चे घोडे राजाची पळवाट अडवतात. ई६ वर किंवा जी६ वर समोरच्यानं मोहरा टाकून फळी फोडली तर मधला राजा उघडा पडतो. प्रत्येक चालीआधी ई६ बघायचं.

मीच_तो_पांढरा यांच्यासाठीही लिहिते. तुमचा ७. ए४ चांगला होता, काळ्याला बी५ करून पसरता आलं नाही. पण ४. उं-सी४ वर मी फुली मारीन. ई६ झाल्यावर तो उंट दगडावर डोकं आपटत बसतो आणि डी५ आलं की त्याला हलावंच लागतं. तुमचे १२ आणि १३ या दोन्ही चालींचे प्रश्न त्या उंटातून आले.

---

मीच_तो_पांढरा

मॅडम, हे इंजिननं असं नाही सांगितलं, पण पटतंय. मी रविवारी परत त्यांच्यासमोर बसणार आहे, ते परत हेच लावणार. दहाव्या चालीपर्यंत तीच पोझिशन आली तर ११ व्या चालीला काय खेळू?

---

गोदाकाठची_मास्तरीण

११. उं-डी३.

---

मीच_तो_पांढरा

कुणी हाकलायच्या आधीच उंट मागं? एक चाल फुकट जाते की.

---

गोदाकाठची_मास्तरीण

काळाही कुठं धावायलाय? हिप्पोसमोर एक चाल गेली तर बिघडत नाही, घाई केली तर बिघडतं. डी३ वरून उंट ई४ ला जोर देतो. तुमचा हत्ती ई१ ला आहे खरा, पण मध्ये ई३ ला तुमचाच उंट बसलाय, म्हणून ई४ ला आत्ता एकट्या सी३ च्या घोड्याचा आधार आहे. काळ्यानं घो-एफ६ केलं की तो अपुरा पडेल. काळा जी५ करून जी४ ची धमकी देईल, तेव्हा एच३ करा. मग सी३ चा घोडा ई२ वरून जी३ ला न्या, तिथून एफ५ आणि एच५ दोन्ही घरांवर त्याची नजर राहते. आणि ई५-डी५ ला काळा राजा ठरेपर्यंत हात लावू नका. त्यांनाच काहीतरी ढकलायला लागू दे.

---

मीच_तो_पांढरा

पण घोडा ई२ ला नेला की परत तेच होणार ना? सी५, मग सी४, उंट कोंडला.

---

गोदाकाठची_मास्तरीण

नाही होत. त्या डावात सी४ ला डी५ च्या प्याद्याचा जोर होता. आता काळ्याचं ते प्यादं डी६ ला आहे, सी४ ला कुणाचाच आधार नाही. सी४ केलं तर उंट सरळ मारतो, आणि मग डी५ करून उंटाला हाकललं तर ई×डी५. प्यादं तुमचं.